डाव्या अंगाला

५ मार्च
आजही आली नाही. सहा दिवस झाले मला या इस्पितळात! मुलगी येते, बहीण येते, दुकानासमोरचा इस्त्रीवालासुद्धा येऊन गेला. बायकोचा पत्ता नाही. आवाज तेवढा येतो तिचा, बाहेरच्या बोळातून. म्हणजे दारापर्यंत येते आणि आत पाऊल टाकत नाही. एवढा कसला राग?

लिहायला मुलीने दुकानातली मापांची वही आणून दिली. म्हणते, बाबा, पानाच्या अर्ध्याच भागात का लिहिता? पान भरलंय चांगलं.

६ मार्च
जेवण निम्मंच देतात इथे. तक्रार केली तर नर्सने ताट नुसतं फिरवलं — पुन्हा भरलेलं! आजारी माणसाची थट्टा करायला लाज कशी वाटत नाही यांना.

७ मार्च
डॉक्टरांनी शर्टाचं चित्र काढायला सांगितलं. चाळीस वर्षं शर्ट शिवतोय, हे काय मला अवघड? कॉलर, खिसा, काजं, बाही. मुलगी बघून रडायलाच लागली. दुसरी बाही कुठे, म्हणे. आहे की!

मग डॉक्टर पलंगावर बसून सांगत राहिले. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला. डाव्या बाजूचं भान तोच भाग ठेवतो. डोळे ठणठणीत, मागचा भाग बघण्याचं काम करतो तोही बरा, पण डावीकडचं जग माझ्या लेखी उरलेलंच नाही. तिकडचा आवाजसुद्धा मला उजवीकडून, दाराबाहेरून आल्यासारखा वाटतो म्हणे. बोलणं-लिहिणं डाव्या भागाकडे, ते शाबूत. पुढचा भाग जीभ आवरतो, तोही शाबूत. शिंप्याला मेंदूचे तुकडे मोजून दाखवले, बाकी काही नाही.

मुलगी म्हणाली, "बाबा, आई इथेच आहे. तुमच्या डाव्या अंगाला. रोज सकाळपासून बसते."

दुकानात ती मशीनच्या डावीकडेच बसायची. मी शर्ट तिकडे सरकवायचा, तिने काज-बटण करायचं. तीस वर्षं हेच. म्हणून इथेही तीच जागा धरलीय म्हणे. मुलगी उजवीकडे बस म्हणाली तर ऐकेना — वळतील कधीतरी, म्हणाली.

मी डावीकडे बघितलं. खिडकी, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, तुमची मान हललीच नाही. सगळे मिळून माझी समजूत काढतात. लहान मूल आहे का मी?

८ मार्च
अंथरुणात कुणाचा तरी हात आहे. गार, जड. नर्स म्हणते तुमचाच. असेल बापडा.

१० मार्च
संध्याकाळी बहीण आली आणि माझा बांध फुटला. दहा-अकरा दिवस नवरा पडलाय आणि ही दाराबाहेर! बहीण डोळ्यांनी खुणावत होती, हळू बोल, गप्प राहा. कुणाला भ्यायचं? म्हटलं, "नाही येत तर नको येऊ दे. मला तेव्हाही ती करायची नव्हती. आपल्या अप्पांनी गळ्यात मारली. निभावली तीस वर्षं, एवढंच."

बहीण उठून निघून गेली.

रागाने बोललो. मनात तसं काही नव्हतं. लग्नानंतर दोन महिन्यांतच मला तिच्याशिवाय दुकान उघडवेना, हे तिला कधी सांगितलं नाही, आणि बहिणीला तरी काय सांगणार?

११ मार्च
आज बोळातून आवाज आला नाही. दिवस फार लांबला.

१२ मार्च
आज डॉक्टरांनी पलंगच उलटा फिरवून घेतला. डावीकडची भिंत उजवीकडे आली. भिंतीपाशी एक खुर्ची. तिच्यावर दुकानातली गादी, बसून बसून खळगा पडलेली. खाली हात चोळायच्या तेलाची बाटली, निम्मी संपलेली.

मुलगी म्हणाली, "आई परवा संध्याकाळी इथून उठून गेली, ती आलीच नाही."