पाहुणा काचेपाशी येईना

२ फेब्रुवारी
खाऱ्या पाण्यातला मासा घरी आला. बोटाएवढा. अर्धा जांभळा, अर्धा पिवळा. नाव ठेवलं पाहुणा. कारण स्पष्टच लिहून ठेवतो. मी घरी आलो की कोणी मान वर करत नाही. बायको लॅपटॉपमध्ये, सासूबाई सिरियलमध्ये. मला बघून काचेपाशी धावत येणारं कोणीतरी हवं.

दुकानदाराचं म्हणणं : पिशवी आधी टाकीत तरंगू द्या, मग टाकीतलं पाणी थेंब थेंब पिशवीत सोडा. आज दिवे बंद. खायला नको. थेंबांचं काम बायकोने केलं, मी देखरेख केली. पण घरी आलेल्याला कोणी अंधारात उपाशी बसवतं का? दिवे लावले. खाणं घातलं. छोटंसं स्वागतपर भाषण केलं. पाहुणा दगडाच्या कपारीत गेला. लाजरा आहे.

४ फेब्रुवारी
अजून कपारीत. त्याला सोबत व्हावी म्हणून काचेला नाक लावून बसलो. बायको म्हणाली, तुझ्याकडे कोणी असं टक लावून बघत बसलं तर तुला घास गिळवेल का? म्हटलं, माझ्याकडे बघतंय कोण इथे!

७ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प : काचेवर टिचकी मारायची नाही.

संध्याकाळ
मारली. पण हळू.

९ फेब्रुवारी
टाकीतलं पाणी उडून कमी झालंय. बायको म्हणते, पाणी उडतं, मीठ खालीच राहतं, तेव्हा गोडंच पाणी घालायचं. काहीतरीच. माझा सरळ हिशेब : खारं गेलं, खारंच भरायचं. ती ऑफिसला गेल्यावर बादलीभर कालवून ओतलं. स्वतःची पाठ स्वतःच थोपटली, दुसरं कोण थोपटणार.

१३ फेब्रुवारी
खारेपणा मोजायच्या यंत्राचा काटा वर चढलाय. यंत्र बिघडलेलं दिसतं. कडक शब्दांत तक्रार करणार. तोवर आणखी अर्धी बादली.

१४ फेब्रुवारी
काटा आणखी वर. पाहुण्याचे कल्ले भराभर हलतायत, जिना चढून आल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, हा दोन दिवसांचा पाहुणा दिसतोय. मी त्यांच्यावर ओरडलो. मग बाथरूमचा नळ सोडून थोडा रडलो. फार भीती वाटतेय. अजून त्याने मला नीट पाहिलंसुद्धा नाही.

१५ फेब्रुवारी
दुकानदाराला घरी बोलावलं. त्याने पाणी तपासलं. विचारलं, यात कोणी काय घातलं? मी छताकडे बघितलं. बायकोने माझ्याकडे बघितलं.

उपाय : रोज थोडं खारं पाणी काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. एकदम नाही, नाहीतर मासा दगावेल. बादली बायकोच्या ताब्यात गेली.

मी चहा टाकायला आत गेलो तर म्हणे पाहुणा बाहेर आला. मी चहा घेऊन आलो, तो आत. साखर आणायला गेलो, बाहेर. साखर घेऊन आलो, आत. दुकानदार चहा फुंकत म्हणाला, साहेब, मासा रुळायचा तर घाबरवणारी वस्तू टाकीजवळून हलवावी लागते. मी ताबडतोब कोपऱ्यातला पंखा हलवला.

१६ फेब्रुवारी
बायकोने फरशीवर चिकटपट्टी लावलीय. मी अलीकडे राहायचं. तात्पुरती व्यवस्था आहे. पंख्याचा परिणाम दिसेपर्यंत.

२२ फेब्रुवारी
कल्ले शांत. पाहुणा खातोय! देवाचे आभार. पण सासूबाईंच्या हातून. त्या टाकीला खेटून मटार सोलत बसतात, त्याच्याशी चकार शब्द बोलत नाहीत. अशाने जिव्हाळा कसा वाढणार? पट्टीच्या अलीकडून सूचना केली. त्यांनी आवाज कमी करायला सांगितला. टीव्हीचा नाही, माझा.

२६ फेब्रुवारी
ऑफिसात बायकोचा व्हिडिओ आला, कालचा. पाहुणा काचेपाशी! अगदी पुढे! सासूबाई खाणं घालतायत आणि हा गोल गोल फिरतोय. डोळे भरून आले. शेजारच्या टेबलावरच्यांना दाखवला. म्हटलं, माझ्या मेहनतीचं फळ.

त्यांनी शेवटपर्यंत बघितला. शेवटी दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज येतो. पाठोपाठ माझा, पाहुणे, कुठे आहात? घास तोंडात तसाच धरून तो कपारीत पसार.

म्हणजे माझी चाहूल ओळखतो! घरात मी आल्याचं कळणारं अखेर कोणीतरी आहे. लगेच बायकोला तसं कळवलं.

तिचा मेसेज आला : हो, ओळखतो. उद्यापासून अर्धा तास उशिरा येशील का? त्याचं जेवण अर्धवट राहतं.

येईन म्हटलं.