लिहिणारा बोलत नाही

शेलार, भिवंडी
२ डिसेंबर

चि. मृणालीस आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या त्या किनाऱ्यावर फोन लागत न्हाय, म्हणून पत्र. टपाल गावापर्यंत, पुढं महादूची होडी. मी सांगते, तुझा बाप लिहितो. वळ गावच्या गोदामातली नोकरीची खुर्ची सोडून तू समुद्रकाठी पाहुण्यांसाठी तंबू ठोकलेस, तेव्हापासून केसरी तुझ्याशी बोलत न्हाय. पण आईनं सांगितलेलं लिहायला त्याची ना न्हाय.

तो म्हणतो, वीज न्हाय, नळ न्हाय, टमरेल घेऊन झुडपात जायचं, याला लोक पैसे देतात? मी म्हटलं, मग तुझ्या बापानं मला जन्मभर सहलीलाच ठेवलं होतं.

नारपोलीहून त्यानं मोठी बॅटरी आणून कपाटात लपवली हाय. कोणासाठी, सांगत न्हाय. ही ओळ लिहीतच न्हवता. जेवणार न्हाय म्हटलं, तेव्हा लिहिली.

माझा लोभ हाय. तुझ्यातला थोडा लिहिणाऱ्यालाही दे.

आजी (अंगठा)


तिवरवेळा
९ डिसेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुला हे वाचून दाखवणाऱ्यांना सांग, पाहुणे खूश आहेत. तीन दगडांवर भात शिजवते. खाली करपतो, वर कच्चा. शेतावर चूल पेटवायला मला कोणी शिकवलं, तेही त्यांना विचार. पुढचं शिकवायचं राहिलंय.

तू ये. आमच्या तंबूला कडी नाही, रुसून आत बसता येत नाही.

माया आहेच, ती घेऊन ये.

तुझी मृणाली


तिवरवेळा
२१ डिसेंबर

चि. केसरीनाथास आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले. मी सांगते, तुझी लेक लिहिते. इथं वाळूत माझा गुडघा धरलाय, होडीत चढवत न्हाय. उचलून न्यायला तूच ये, दुसऱ्याला मी हात लावू देणार न्हाय. दोन रात्रींचे कपडे आण, गुडघा काय लगेच सुटतो? सकाळी खडकावर कालवं काढायला गेले होते, ते लिहू नकोस गं.

वाचून दाखव म्हटलं, तर तेही लिहून ठेवलंय. तुझ्यावरच गेली हाय.

लोभ ठेव, आणि होडी चुकवू नकोस.

आई (अंगठा)


शेलार
२४ डिसेंबर

ती. आईस सा. न. वि. वि.

शनिवारी येतो. बॅटरी आणतो. कालवं जपून काढ.

केसरीनाथ

ता. क. मृणाली, मी येईपर्यंत भाताला हात लावू नकोस. कपडे आठवड्याचे भरलेत. गुडघ्याचा काय भरवसा.