सुरू ठेवलेला नळ

प्रिय प्रियंका,

तू हे वाचते आहेस म्हणजे दिपालीनं तुला ब्लाउज घालून पाहायला आत पाठवलं आहे आणि दार लागलं आहे. पत्र साडी-ब्लाउजच्या घडीत मीच ठेवलं आणि पार्सल दिपालीच्या पत्त्यावर पाठवलं. ही बाभुळगावची दिपाली माझी जुनी विद्यार्थिनी, तुमच्या गावी नर्सिंग शिकायला आली आहे. तिला सगळं माहीत आहे. ब्लाउज अंगाला बसतो का हे पाहायला लागतो तेवढाच वेळ तुझ्याकडे आहे, म्हणून सरळ लिहिते. मला तुझी नुसती काळजी नाही, भीती वाटते. मार्चमध्ये तू आणि जावयानं, अक्षयनं, मला न्यूकासल फिरवून दाखवलं, त्या दिवसापासून वाटते.

वणीला परतल्यावर ज्यानं विचारलं त्याला मी एवढंच सांगितलं. दीपगृह, खडकांत बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव, दूर रांगेत उभी कोळशाची जहाजं. तुझ्या बाबांना त्या जहाजांचंच नवल. तीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. “एवढाल्या जहाजात कोळसा, अन् गावात धूळ नाही? काहीतरीच सांगतेस,” असं चारदा म्हणाले. धूळ खरंच नव्हती. सगळं इतकं स्वच्छ होतं की घाबरायला कारण दिसत नव्हतं.

तिथलं बोललेलं इंग्रजी मला पकडता येत नाही. म्हणून मी दिवसभर चेहरे पाहत होते.

दीपगृहाच्या वाटेवर वारा फार होता. तुझी पर्स अक्षयच्या खांद्यावर होती, तुझा फोन त्याच्या खिशात. मी म्हटलं, द्या तिच्याजवळ, तुम्ही कशाला वाहता. “आई, ती कुठंही विसरते. माझ्याकडे असलेलं बरं,” तो हसून म्हणाला. तूही हसलीस. प्रियंका, तू विसरत नाहीस. चौथीपासून घराची किल्ली तुझ्याकडे असायची.

तलावापाशी तू बूट-मोजे काढलेस. मामाबरोबर वर्धा नदीत पोहायला शिकलीस आणि दोन उन्हाळ्यांत त्याच्या पुढे गेलीस. पाणी घोट्याला लागलं तसा तुझा चेहरा मोकळा झाला. मी येऊन तीन आठवडे झाले होते, तो चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तेवढ्यात बाकावरून अक्षयनं हाक मारली. नुसतं नाव. आवाज चढवला नाही. तू वर आलीस आणि ओल्या पायांवरच मोजे चढवलेस. अगं, पुसून तरी घे, मी म्हटलं. “राहू दे, उशीर होते,” म्हणालीस. कशाला उशीर होत होता ते मला दिवसभर कळलं नाही. आपण नंतर तासभर त्याच बाकावर बसलो.

बंदरावरच्या हॉटेलात तळलेला मासा आणि बटाट्याचे काप होते. एका समुद्रपक्ष्यानं माझ्या हातातला काप पळवला. “आई, आता पोलिसात जा,” अक्षय म्हणाला, आणि आपण तिघंही खूप हसलो. हे सांगते, कारण तो हसवतो. मलाही आवडायचा. मग जेवण वाढणारी मुलगी तुझ्याकडे वळून काही विचारू लागली. आणखी काय घेणार, असंच असेल. तू अक्षयकडे पाहिलंस. त्यानं उत्तर दिलं. तिनं पुन्हा तुलाच विचारलं, जरा हळू. तू पुन्हा त्याच्याकडे पाहिलंस. तेव्हा त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. परक्या पोरीला कळलं, आणि मी खाली ताटात पाहत राहिले.

हात धुवायला आपण दोघी आत गेलो. मी विचारलं, “बाई, तो तुले मारते काय?” तू नळ पूर्ण सोडलास. त्या आवाजात म्हणालीस, “आई, आत्ता काही नको विचारू. फोनवरबी नको.” ‘नाही मारत’ असं म्हणाली नाहीस. बाहेर तो दाराला लागूनच उभा होता. बराच वेळ लागला, म्हणाला. मी म्हटलं, म्हातारपण आहे, लागतो वेळ. आणि त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेतला.

लग्नानंतर पहिल्या वर्षी तू एकदा रडत फोन केला होतास. मी म्हटलं होतं, सांभाळून घे, माणूस शिकलेला आहे, दारूला शिवत नाही. त्यानंतर तू कधी रडली नाहीस. मी समजले, मार्गी लागलं. वर्गात एखादी मुलगी अचानक गप्प झाली तर मला त्याच दिवशी कळायचं.

बाबा तो फोटो येईल त्याला दाखवत. “जवाई पोरीले पर्ससुद्धा उचलू देत नाही, पाहा.” मागच्या आठवड्यात पाहुणे गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तू महिनाभर तिथं होतीस अन् तिले तशीच सोडून आलीस?”

तुला दिलेला तो सल्ला मी परत घेते. तो चुकीचा होता, आणि हे फोनवर सांगता येत नाही म्हणून लिहिलं. दिपालीनं तिथं चौकशी केली आहे. अशा बायकांना आसरा देणारी, त्यांचे कागद मार्गी लावणारी माणसं आहेत. त्यांचा नंबर तिला पाठ आहे. पासपोर्ट कुठं आहे तेवढं तिच्या कानात सांग आणि हे पत्र तिलाच परत दे, घरात ठेवू नकोस. रविवारी आपण बोलतो तेव्हा तो शेजारी असतो. निघायचं ठरलं की तू फक्त विचार, “बाबांचा गुडघा कसा आहे?” बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. तू विचारलंस की मी दिपालीला कळवीन, आणि ती एकटी येणार नाही. नाही विचारलंस तर मी भाजी-भाकरीचं बोलेन आणि पुढच्या रविवारची वाट पाहीन. तुला घाई करणार नाही, ओरडणार नाही, दर रविवारी फोन उचलीन. फक्त असे किती रविवार आपल्या हातात आहेत, ते मला माहीत नाही.

तुझीच,
आई