हिरव्या बांगड्यांची उडी

माय, आज टीव्हीवर तुझी उडी लागली. सिनेमा तोच, खजिना शोधायला निघालेल्यांचा, सत्तरच्या दशकातला. उस्मानपुऱ्याच्या घरात नातू शेजारी बसलेला, मी त्याचा हात घट्ट धरला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी भ्या काय जात नाय बघ.

चितेगावच्या अलीकडं, आपल्या गावच्या बारवेवर शूटिंगवाले आले होते. सिनेमातली मगर लोकांना खरी वाटते. ती ट्रकच्या ट्यूबची होती, पाण्याखालून दोरीनं ओढायचे. धुकं म्हणजे ओल्या गोवऱ्यांचा धूर. हिरोईनला पोहता येईना, तर गावानं तुझं नाव सांगितलं. विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढणारी तूच. तिचा घागरा अंगावर चढवून तू हसलीस, "नटी झाले की गं मी!"

पहिली उडी झकास झाली. पण कॅमेऱ्यामागचा साहेब ओरडला, "बाई, चूड़ियाँ दिख रही हैं! उतारो!" हिरोईनचे हात मोकळे, तुझे हिरव्या बांगड्यांनी भरलेले. तू सरळ सांगितलंस, "धनी गाडीवर हायेत. बांगड्या उतरायच्या नायत." अण्णा ट्रक घेऊन नांदेडकडं गेलेले. शेवटी बांगड्यांवरून अंगाच्या रंगाची पट्टी गुंडाळली. मी म्हणाले, "माय, नको गं आता." तू खेकसलीस, "गप! अभद्र बोलू नको."

लिहिताना पुन्हा ती वरची पायरी दिसते. तू दुसऱ्यांदा उडी मारतेस. पाणी फुटतं, मिटतं, आणि तू येत नाहीस. पट्टी सुटून मगरीच्या दोरीत अडकलीय, हे वर कुणालाच ठाऊक नाही. मगर तेवढी जागच्या जागी गचके खातेय, आणि लोक हसतायत, त्यांना वाटतंय कुणी दोरी ओढतंय. मग तू वर आलीस, खोकत, एक मनगट रिकामं आणि रक्ताळलेलं. हात सुटावा म्हणून तू तो दगडावर आपटला होतास. बांगड्या 'वाढल्या' म्हणायचीही तुला सुध राहिली नव्हती. "मी फोडल्या गं, माझ्या हातानं फोडल्या," एवढंच म्हणत राहिलीस.

मला वाटलं, वाचली, संपलं. पण तुझं भ्या तिथून सुरू झालं. ओलेत्यानंच कासाराकडं जाऊन नव्या बांगड्या भरल्यास, तरी जीव थाऱ्यावर नाही. चुलीपुढं बसून कान रस्त्याकडं, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी उलथली नाहीस. मीही तुझ्या पदराला धरून बसले होते, कशाला भ्यायचं ते न कळता. अण्णा आले, धडधाकट, "काय जळतंय गं?" म्हणाले, आणि तू हंबरडा फोडलास.

आणि माय, सिनेमात त्यांनी लावली ती पहिलीच उडी! उडी मारणारीच्या हातात हिरव्या बांगड्या लखलखतात. लगेच हिरोईन पाण्यातून वर येते, मनगटं मोकळी. नातवानं टाळी मागितली, "आजी, मिस्टेक पकडली! बांगड्या पाण्यात गेल्या बघ!" मी "व्हय रे बाबा" म्हणाले आणि टाळी दिली. ती तू होतीस, हे काही तोंडातून निघालं नाय.

हा कागद कुठं टाकू? उशीखाली राहील. तुला म्हणून सांगते, हिरोईन हसत काठावर गेली, नातू पुढचं बघायला लागला, आणि मी पाण्याकडंच बघत बसले. त्या सिनेमात तू उडी मारतेस, माय, वर येतच नाहीस.