शेठजींच्या घरी बिनलसणाची खिचडी

धरणगाव, मंगळवार, वैशाख, १९६७

सुशी पोरी, मी सांगते तसंच वहीत लिही, तुझं शहाणपण घालू नको. शेजारच्या जैन शेठजींची आई काल गेली. त्यांची चूल बंद, म्हणून बठ्ठ्या गल्लीनं, घराघरातून पिठलं-भाकरी पाठवली. पण त्यात लसूण! पोरं उपाशीच निजली. मला कालच कसं सुचलं नाही? आज भांडी लख्ख घासून मुगाची खिचडी केली, लसणाशिवाय, आणि दिवस बुडायच्या आत नेली. शेठजी रडायलाच लागले, "अक्का, तुम्ही एवढं ध्यानात ठेवलं!" म्हटलं, "भाऊ, आधी पोरांना वाढा." धाकटीनं दोनदा मागून घेतली. आमची सूनबाई म्हणते, "आत्याबाई, अळणी होती." असेल. पातेलं रिकामं आलं, आणि उद्या खिचडी करायची पाळी मी तिचीच लावली आहे.