साक्ष देण्याआधी

प्रिय नुजहत,

सलाम. फोन हातात घेते नि ठेवून देते. कोणत्या तोंडानं बोलू वं तुझ्याशी? म्हणून हे लिहून राहिले. आमचे हे, प्रेमानंद, उद्या हॉस्पिटलात येऊन पत्र तुझ्या हाती देतील.

एका वॉर्डात आपली अर्धी नोकरी सरली. डबा खाताना येशूवरून किती भांडायचो! तू म्हणायचीस, ईसा अलैहिस्सलाम कुंवाऱ्या मरियमच्या पोटी जन्मले, मसीह आहेत, अल्लाहच्या हुकमानं त्यांनी मुडदे उठवले, सगळं मंजूर. पण बंदा तो बंदाच, देव नव्हे. खुदा एकच, त्याला ना बाप ना बेटा. मी म्हणायचे, अवं, देवच माणूस होऊन आला, त्यावरच तर आमचं सगळं उभं आहे. मग तू माझ्या डब्यातली वांग्याची भाजी ओढून घ्यायचीस नि म्हणायचीस, कयामतपर्यंत हे मिटत नाही, जेवून घे. कधी राग म्हणून आला नाही आपल्याला.

मग आमचा ऋषी गेला. बावीस वर्षांचं पोरगं, नि साध्या डेंग्यूनं गेलं. आई नर्स असून काही करू शकली नाही. शेवटच्या दिवशी त्याचे पाय चोळत तू बसली होतीस.

घरच्या प्रार्थनेला तू कामठीहून ऑटो बदलत आलीस. पास्टर म्हणाले, देवानंसुद्धा आपला एकुलता एक पुत्र वधस्तंभावर दिला, त्याला तुमचं दुःख कळतं. सगळे आमेन म्हणाले, मी मात्र उठून ताटं घ्यायला गेले. जेवणं वाढताना मीच तुला विचारलं, तुमच्यात काय सांगतात याबद्दल? तू टाळत होतीस, मीच मागे लागले. तेव्हा तू हळूच म्हणालीस, आमच्यात अल्लाहनं ईसांना सुळावर चढूच दिलं नाही, जिवंत उचलून घेतलं.

आणि मी पेटले. सगळ्यांसमोर तुझ्या हातातलं ताट हिसकावलं, माझ्या प्रभूचा अपमान माझ्या घरात चालणार नाही म्हणाले, नि दार दाखवलं. माय वं! भरल्या ताटावरून उठवलं मी तुला. तू चपला घालताना प्रेमानंदना इतकंच म्हणालीस, हिले जेवू घाला भाऊ. आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

चर्चच्या मंडळीत मात्र माझं कौतुक होऊन राहिलंय. एवढ्या दुःखातही विश्वासासाठी उभी राहिली, म्हणतात. प्रमोदिनीमावशींनी तर मिठीच मारली. आणि मी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं, निर्लज्जासारखं.

आता येत्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून याचीच साक्ष द्यायला सांगितलंय मला. मी हो म्हटलंय. पण खरं तेच सांगणार आहे, आणि चार लोकांच्या आधी ते तू ऐकावंस म्हणून हे पत्र. नुजहत, तू कुणाचा अपमान केला नव्हतास. येशू देव आहे, तो मेला नि उठला, हे मी आजही मानते. पण त्या वेळी तुझं ऐकून मला तुझा हेवा वाटला. तुझं खरं असावं असं वाटलं, इतकं वाटलं की माझीच मला लाज वाटली, नि त्याचा राग मी तुझ्यावर काढला. तुमच्यात मरियमचा मुलगा वाचला होता वं.

तुझीच,
कामिनी