दोन तास आधीपर्यंतचं पाणी

बाबा, आईचा दुसरा गुडघाही बदलून झाला. आज सकाळी ती वॉकर धरून पलंगापासून दारापर्यंत चालली. दाराशी थांबून तिने मला तुमच्याबद्दल विचारलं, म्हणून लिहायला बसले आहे.

तुम्ही नारळाच्या झाडावरून पडलात तेव्हा मी अजून शाळेत जात नव्हते. अक्षरं तुम्हीच शिकवली होतीत, घिवलीच्या वाडीत, मातीवर झावळीच्या हिराच्या काडीने गिरवून. एकदा मी झाडांना पाणी घातलं म्हणून खोटंच सांगितलं, तर तुम्ही माझा हात धरून कोरड्या आळ्यात ठेवलात. खोटं बोलायची भीती मला तेव्हापासून आहे.

तुमच्या खुब्याचं ऑपरेशन सकाळी होणार होतं, म्हणून रात्रीपासून पाणी बंद. सकाळचं दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर. तुम्ही आईला म्हणता आहात, "घोटभर दे गो." आई म्हणते, "डॉक्टर नाय बोललाय. मंग किती पन प्या." तिने तांब्या उचलून पलंगाखाली सरकवला, तुम्हाला दिसू नये म्हणून. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. पाण्यामुळे गेलात असं कुणीही म्हणालं नाही आणि मीही म्हणत नाही. पण आईने ते मनाशी धरलं होतं, हे मला गेल्या वर्षी कळलं.

तेव्हा बोईसरच्या हॉस्पिटलात तिचा पहिला गुडघा बदलायचा होता. भूल देणाऱ्या बाईंनी नीट समजावलं होतं: जेवण रात्रीच बंद, पण साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत प्यायचं. अंगात पाणी असलं की नंतर चक्कर कमी येते, लवकर उभं राहता येतं. आईने मान डोलावली. मी पेला भरून ठेवत होते आणि तो रिकामा होत होता. ऑपरेशननंतर तिला उभं केलं तर डोळे पांढरे करून ती माझ्या अंगावर कोसळली. रक्तदाब उतरला होता. पुढचे कितीतरी दिवस ती पलंगावरून उठायलाच घाबरायची. पाणी कमी पडलं हे एक कारण असू शकतं, असं बाई म्हणाल्या. घरी आल्यावर आईने सांगितलं की पेले तिने बेसिनमध्ये ओतले होते. "तुझ्या बाबाला नाय दिला, नि मी पिऊ?"

म्हणून या वेळी ऑपरेशनच्या पहाटे मी तिला सांगितलं, बाबा स्वप्नात आले होते. म्हणाले, तिला पाणी पिऊ दे.

तिने विचारलं, "कसे दिसत व्हते?"

"बरे होते."

"तहानलेले?"

"नाही गं."

शेजारच्या पलंगावरच्या एडवणच्या मावशी उठून बसल्या. "बग, मेला तरी नवराच तो. हुकूम सोडतोच!" आई हसली. मग पेला तोंडाला लावून थांबत थांबत सगळा प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "आजून दे."

दुसऱ्याच दिवशी ती उभी राहिली. पाण्याने राहिली की तुमच्या निरोपाने, मला ठरवता येत नाही. पण आता ती रोज विचारते, आज काय बोलले? मी रोज काहीतरी सांगते. नीट जेव म्हणाले, व्यायाम चुकवू नको म्हणाले. तुमच्या तोंडी असली वाक्यं घालताना मला ते कोरडं आळं आठवतं. तुम्ही ऐकत असाल असं वाटतं, आणि त्या वेळी दाराकडे बघायचं मी टाळते.

आज दाराशी उभी राहून तिने विचारलं, "माझ्यावर रागावले नायत ना?"

मी म्हटलं, "नाही, आई. मुळीच नाही." ती वॉकर वळवून पलंगाकडे आली, गेल्या वर्षभरात चालली नसेल इतकी सरळ.

हा कागद तिच्या हाती लागायच्या आत मी फाडणार आहे. बाबा, तुम्ही माझ्या स्वप्नात एकदाही आलेला नाहीत. तुम्ही रागावला आहात की नाही, मला माहीत नाही.